बरणी आणि भट्टी

गोव्याच्या डिचोली तालुक्यात, दोडामार्गाच्या सीमेजवळ, लाटंबार्से नावाचे गाव आहे. फेब्रुवारी सरता सरता तेथल्या डोंगरउतारांवर काजू पिकू लागतात आणि पावसाची पहिली मोठी सर येईपर्यंत हा हंगाम चालतो. शेतकऱ्याचा मुख्य पैसा काजूच्या बीचा. परंतु बीबरोबर येणारे रसाळ बोंडू फुकट जाऊ नये म्हणून ते चिरडून रस काढतात. पूर्वी हे काम दगडी कुंडात पायांनी तुडवून होई, आता पुष्कळ ठिकाणी यंत्र आले आहे. हा रस दोन-तीन दिवस ठेवला की आपोआप आंबतो. त्यात वेगळे काही घालावे लागत नाही. मग तो भट्टीवर चढवून एकदा गाळला म्हणजे हुर्राक होतो. हुर्राक आणखी आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला म्हणजे फेणी. हुर्राकात मद्यार्क साधारण शेकडा १५, फेणीत ४० च्या वर. भांडे तापवायला लाकूड, वाफ थंड करायला सतत पाणी, आणि धार कधी तोडायची हे कळणारा एक जाणता माणूस, एवढे लागते. हे काम धुराचे आहे, घामाचे आहे आणि रात्रीच्या जागरणाचे आहे.

काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे तालुके त्यांच्या हाती आले ते मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि म्हणून येथली वस्ती आजही बहुतांशी हिंदू आहे. भट्टी लावणारे पुष्कळसे शेतकरीही हिंदूच. फेणी म्हटली की आपल्या लोकांना ख्रिस्ती माणूस आठवतो, आणि हिंदी चित्रपटांनी ती समजूत घट्ट करून ठेवली आहे. ती किती पोकळ आहे हे या गावांतून एकदा फिरले म्हणजे कळते. असो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा-पेय म्हणून मान्यता दिली. भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो आणि शुल्क भरावे लागते.

त्याच २००९ साली पुण्यात, गिऱ्हाइकांसमोर ताजी बिअर बनवून देणारी एक लहान ब्रुअरी उघडली. देशातल्या अशा पहिल्या प्रयत्नांत तिची गणना होते. त्यानंतर मोठ्या शहरांत या ताज्या बिअरची गोडी पसरली, आणि तिच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली, जिच्याविषयी आज लिहावयाचे आहे. काही सुशिक्षित तरुण आता घरीच बिअर करतात, आणि ती विकण्यासाठी करीत नाहीत, छंद म्हणून करतात. आमच्या मंडळ्यांतील घरेही याला अपवाद नाहीत. परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांत तर हा छंद कायदेशीर आहे: इंग्लंडमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये गेली, आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केलेल्या कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लीटर, इतकी बिअर स्वतःसाठी करण्याची मुभा दिली. सुटीत घरी आलेला मुलगा आई-वडिलांना मोबाइलवर आपल्या बरण्यांची चित्रे दाखवतो, आणि त्यांना काय बोलावे ते सुचत नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षकांकडूनही हा प्रश्न येतो: ख्रिस्ती माणसाने असा छंद करावा काय?

छंद काय आहे तो आधी समजून घेऊ. ज्याची कृती ठाऊक नाही त्याविषयी निवाडा देण्याची घाई मंडळीत नेहमीच झालेली आहे. सातूला मोड आणून तो वाळवतात. आपण मटकीला आणतो तसेच मोड. तो भरडून ६५ अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा धान्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले टाकून, पुन्हा तासभर उकळतात. थंड झाल्यावर त्यात खमीर घालून काचेच्या मोठ्या बरणीत भरतात आणि तोंडाला अशी नळी बसवतात, की आतला वायू बाहेर जावा पण बाहेरची हवा आत येऊ नये. एक-दोन आठवड्यांनी बाटल्यांत भरताना किंचित साखर घालतात, म्हणजे बाटलीतच फेस धरतो. साखरेचा अंदाज चुकला तर बाटल्या फुटतात, तोही या छंदातील शिक्षणाचा भाग! तयार झालेल्या पेयात मद्यार्क शेकडा ४ ते ५ असतो.

ज्या खमिराने कणीक फुगते त्याच कुळातले खमीर साखर खाऊन मद्यार्क करते, हे नीट समजायला लुई पाश्चरपर्यंत थांबावे लागले. बिअरवरील त्याचा ग्रंथ १८७६ चा आहे. बरणीसमोर बसून बुडबुडे मोजणाऱ्या तरुणाला जो आनंद होतो तो खरा आहे. त्यात निरीक्षण आहे, स्वच्छतेची शिस्त आहे, वाट पाहणे आहे. हाताने काही करण्याची सवय गेलेल्या पिढीत कोणी काही करू पाहतो, त्याची आम्ही थट्टा करणार नाही.

काही पालक घाबरून विषारी दारूची आठवण काढतात, म्हणून तेही सांगून टाकतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. आंबवलेल्या सातूत मिथेनॉल जवळजवळ नसतेच. भीती घालण्यासाठी खोटे कारण सांगितले की मुलगा ते कारण खोडून काढतो, आणि मग खऱ्या कारणाकडेही लक्ष देत नाही.

आता आमची पहिली तक्रार. ती छंद करणाऱ्यांविषयी नाही, आमच्या मंडळीच्या नजरेविषयी आहे.

भट्टीवाल्याविषयी आमचे मत ठरलेले आहे. शब्बाथशाळेत दारूविषयी पाठ असला की फळ्यावर काढले जाते ते भट्टीचे चित्र, किंवा गुत्त्याच्या दारात पडलेला मजूर. महाराष्ट्रात गावठी दारू गाळणारी बाई बहुधा विधवा किंवा टाकलेली असते, तिला दुसरे काम नसते. पण मंडळीत तिचे नाव निघते ते पाप या शब्दाबरोबर. याउलट कोणा इंजिनिअरने घरी बिअर केली असे कळले तर आम्ही हसतो, कुतूहलाने विचारतो, आणि फार झाले तर पाळकसाहेबांना सांगू नका म्हणतो. का? दोन्हीकडे खमीर तेच आहे. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून सभेत आलेला माणूस आणि मळक्या वस्त्रांतला गरीब यांची गोष्ट घातली आहे. कोणाला कोठे बसवले यावरून तो मंडळीची परीक्षा करतो. काचेची बरणी ही आजची अंगठी आहे, असे आम्हांला वाटू लागले आहे.

दोघांत फरक नाही असे नाही. भट्टीवर गाळलेले पेय कितीतरी तीव्र असते, हा मोठाच फरक. जॉन वेस्लीने १७४३ मध्ये आपल्या लोकांसाठी जे नियम केले त्यांत गाळलेल्या दारूच्या खरेदी-विक्रीला मनाई होती, ती याच कारणाने. भट्टीवाला विकतो, छंदी माणूस विकत नाही, हा दुसरा. परंतु पुढचे फरक मोजू लागलो की पारडे उलटे झुकते. लाटंबार्से येथील शेतकऱ्याने परवाना काढलेला असतो. पुण्यातल्या किंवा नाशिकातल्या तरुणाजवळ तो नसतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वयंपाकघरात का होईना. गोव्यातही परवाना लागतोच. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचणाऱ्या माणसाला याहून अधिक सांगण्याची गरज नसावी. शिवाय शेतकऱ्यापुढे बोंडू पडून सडत असतात, घरी खर्च असतो. तरुणाला दुकानातून सातू मागवावा लागतो. त्याला कोणतीही गरज नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्यापेक्षा ज्याला सहज थांबता येते त्याची जबाबदारी अधिक. आम्ही मात्र नेमका उलटा हिशोब करीत आलो.

कायद्याने हा प्रश्न पुरता सुटत नाही, हे याच गावाच्या सीमेवर उभे राहिले की दिसते. डोंगर तोच, झाडे तीच. सीमेच्या अलीकडे बोंडवाची परवान्याने फेणी होते, पलीकडे सिंधुदुर्गात पुष्कळसे बोंडू झाडाखालीच कुजून जातात. गोव्यातली स्वस्त बाटली मात्र चोरून पलीकडे जाते, आणि तिच्यासाठी नाक्यांवर पहारा ठेवावा लागतो. पुण्यात हा छंद गुन्हा आहे आणि न्यू जर्सीत नाही, म्हणून पुण्यात तो पाप आणि न्यू जर्सीत पुण्य असे कोणी म्हणणार नाही. कायदा पाळलाच पाहिजे. पण कायदा अनुकूल आहे तेथे ख्रिस्ती माणसाने काय करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

पवित्र शास्त्र येथे एका वाक्यात उत्तर देत नाही. स्तोत्र १०४ मध्ये मनुष्याचे हृदय हर्षित करणारा द्राक्षारस भाकरीच्या आणि तेलाच्या रांगेत, देवाच्या देणग्यांत मोजला आहे. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण भरले गेले. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा घेण्यास सांगितले. दुसऱ्या बाजूस नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय आहे, आणि ज्याने तो अध्याय स्वतःच्या घरात पाहिला आहे त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात रेखाबी घराणे आहे. त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेले घट ठेवले तरी त्यांनी आपल्या पूर्वजाचा शब्द मोडला नाही, आणि देवाने त्यांची वाखाणणी केली. कानातल्या रसाला मद्यार्क नव्हताच असे सिद्ध करण्यासाठी काही सद्भावनेच्या लोकांनी फार कष्ट घेतले आहेत. ते कष्ट आम्हांला पटत नाहीत, आणि मुलांना तर मुळीच पटत नाहीत. आमच्या मते आंबवणे हे पाप नाही. खमीर देवानेच केले आहे, आणि प्रभूने स्वर्गाच्या राज्याला त्याचीच उपमा दिली.

प्रॉटेस्टंट वाचकांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये काटारीना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. विटेनबर्गमधल्या जुन्या मठात त्यांचे बिऱ्हाड होते: मुले, विद्यार्थी, पाहुणे. ही बाई गुरे पाळी, शेती पाही आणि घरच्यांसाठी बिअरही स्वतः करी. त्या काळी त्या देशात सौम्य बिअर हे रोजच्या जेवणातले पेय होते, जसे आपल्याकडे ताक. सुधारणेचे पहिले घर हे घरगुती बिअरचे घर होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ती आजच्या छंदाला आधार म्हणून वापरण्यातही अर्थ नाही, कारण तिची बिअर हे घरातले काम होते, आणि आज आपल्या कोणत्याही घरात ताकाऐवजी बिअर लागत नाही.

मग अडचण कोठे आहे? आम्हांला ती या छंदातल्या सर्वांत चांगल्या गोष्टीत दिसते. ती गोष्ट म्हणजे, हे पेय स्वतःच्या हाताने केलेले असते.

एका वेळी साधारण २० लीटर बिअर होते, म्हणजे ३० मोठ्या बाटल्या. एकटा माणूस त्या संपवू लागला तर तो छंद राहिला नाही. म्हणून त्या वाटाव्या लागतात. बुद्धिबळाच्या छंदाला समोर एक गडी पुरतो आणि टपाल तिकिटांना कोणीच लागत नाही, पण या छंदाला पिणारा लागतो. आता मराठी माणसाच्या घरातला आग्रह डोळ्यांपुढे आणा. पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात जिलबी टाकणे हा आपला शिष्टाचार आहे. ख्रिस्ती झालो म्हणून तो सुटला नाही. दुकानातून आणलेली बाटली नाकारणे सोपे असते, कारण ती नाकारली तर दुकानाला वाईट वाटत नाही. पण "मी स्वतः केली आहे, एक घोट तरी घेऊन पाहा" असे म्हणून पुढे केलेला पेला नाकारला, तर पाहुण्याला वाटते की आपण यजमानाचा हातच नाकारला. चकली नको म्हणताना जो संकोच होतो तोच येथेही होतो. चकलीने मात्र कोणाचा संसार बुडालेला नाही.

आणि समोर बसलेला पाहुणा कोण आहे? रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातला अशक्त बंधू हा पुष्कळांना पुस्तकातला माणूस वाटतो. तो आपल्या मंडळीत आहे. तो तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसतो. सहा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली. ती सोडताना काय झाले ते त्याच्या पत्नीला ठाऊक आहे. कामावरून परतताना तो वाट वाकडी करून जातो, कारण नेहमीच्या रस्त्यावर गुत्ता आहे. लग्नाच्या वरातीत तो मागे राहतो. एकच दार असे आहे की जेथे तो सावध नसतो, ते म्हणजे विश्वासी बंधूचे दार. तेथे प्रार्थनेनंतर चहा येईल असे त्याला वाटते, आणि येते घरची बिअर, कौतुकाने, सर्वांच्या देखत. नको म्हणावे तर कारण सांगावे लागते. कारण सांगावे तर सहा वर्षे झाकलेली जखम बैठकीच्या खोलीत उघडी पडते. हो म्हणावे तर... पुढचे लिहिण्याची गरज नाही. यजमानाला यातले काहीच माहीत नसते. त्याने प्रेमानेच पेला पुढे केलेला असतो. हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायात शेजाऱ्याला दारू पाजणाऱ्यावर हाय म्हटले आहे. तो पाजणारा वाईट हेतूचा आहे. पण पिणाऱ्याच्या यकृताला हेतू कळत नाही.

भट्टीवाला या एका बाबतीत छंदी माणसाहून बरा, असे म्हणावेसे वाटते. तो कोणाला आग्रह करीत नाही; गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते. पावसाळा लागला की त्याची भट्टी थंड होते आणि तो शेताकडे वळतो. बरणीला हंगाम नाही. ती बारा महिने घरात असते, बहुधा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, लहान मुले येता-जाता तिचे बुडबुडे पाहतात, आणि बाबा जे करतात ते चांगलेच असणार हे मुलांच्या जगातले पहिले सूत्र आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाने स्वतः द्राक्षमळा लावला, स्वतः रस केला, आणि तो प्यायला तोही बाहेर कोठे नाही, आपल्याच तंबूत. त्याने कोणाला विकले नाही, कोणाशी भांडण केले नाही. तरी त्या गोष्टीचा शेवट त्याच्या मुलांच्या आणि नातवाच्या वाट्याला आला.

दारूचे बिल कोण भरतो हे बायकांना नेहमीच आधी कळले आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, आणि १८८९ मध्ये त्यांनी मराठीत लिहिलेल्या त्या देशाच्या प्रवासवृत्तात स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यपाननिषेध संघटनेच्या कामाची माहिती दिली. तेथे मतदानाचा अधिकार नसलेल्या बायका गुत्त्यांसमोर उभ्या राहून प्रार्थना करीत होत्या. आपल्या महाराष्ट्रात पुढे मतपत्रिकेवर 'आडवी बाटली' आली, आणि गावोगावच्या बायकांनी मतदान करून दुकाने बंद केली. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली तीही लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, रेट्याने. त्या चळवळींनी दुकानावर आणि भट्टीवर बोट ठेवले ते योग्यच होते. पण घरातल्या बरणीसाठी मतपत्रिका नाही. तेथे एकट्या पत्नीचे मत असते, आणि ते कोणी मागत नाही. ज्या घरी हा छंद आहे तेथे आम्ही आधी तिलाच विचारू. ती हसून काय म्हणते याकडे लक्ष न देता, बरणी कोण धुते आणि पाहुणे गेल्यावर घरी काय बोलणे होते, हे विचारू.

येथे प्रभुभोजनाची मेज आठवते. आपल्या बहुतेक मंडळ्यांत प्याल्यात न आंबवलेला रस असतो. काळ्या मनुका भिजवून, उकळून, कुस्करून तो आदल्या दिवशी घरीच काढतात, आणि हे काम कोणा तरी वडील बाईंकडे वर्षानुवर्षे असते. ही रीत कोठून आली हे आपण विसरलो आहोत. १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या वाइनलँड गावी थॉमस वेल्च नावाचा दंतवैद्य होता, मेथडिस्ट मंडळीचा सभासद. द्राक्षांचा रस बाटलीत भरून पाश्चरच्या पद्धतीने तापवला तर खमीर मरते आणि रस आंबत नाही, हे त्याने करून दाखवले, ते खास प्रभुभोजनासाठी. ज्या शास्त्राने बिअर सुधारली त्याच शास्त्राने हे घडवले. त्यामागचा विचार साधा होता: मेजेजवळ येणाऱ्यांपैकी एकाला जरी प्याल्याची भीती वाटत असेल, तर सर्वांनी त्याला चालेल तेच प्यावे. ज्यांच्या परंपरेत द्राक्षारसच वापरतात त्या मंडळ्यांशी आम्ही येथे वाद घालीत नाही. आम्ही एवढेच लक्षात आणून देतो, की आपण सर्वांनी मिळून एका अशक्त बंधूसाठी प्याला बदलला, आणि ही गोष्ट कोणालाही जाचक वाटली नाही. मेजेवर ज्याची एवढी काळजी घेतली, त्याला दुपारी आपल्या घरी मात्र बिअरचा आग्रह करायचा, याची संगती आम्हांला लागत नाही.

म्हणून परदेशातल्या, जेथे कायदा आड येत नाही तेथल्या, मुला-मुलींना आम्ही छंद सोडा असे फर्मावणार नाही. पौलाने ज्या गोष्टीत मोकळीक ठेवली तेथे आम्ही बेडी घालणारे कोण? परंतु त्यांना दोन गोष्टी विचारू. तुम्ही केलेले कोणाला देता, आणि घेणाऱ्याविषयी तुम्हांला काय माहीत आहे? दुसरी अधिक अवघड आहे. उद्या हे बंद करायचे ठरवले तर बंद होईल काय? सातू भिजवण्याचा आनंद जाईल म्हणून जीव हळहळला तर ठीक. संध्याकाळी हातात पेला नसेल म्हणून हळहळला, तर बरणीने आपले काम केले आहे. येथल्या, महाराष्ट्रातल्या व गोव्यातल्या तरुणांना मात्र सरळ सांगतो की परवाना नसेल तर हे करू नका. खमिराचीच ओढ असेल तर पाव करा, आंबोळ्या करा. खमिराचे शास्त्र त्यातही तेच आहे, आणि वीस लीटर संपवण्याची चिंता नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी थोडे. दारूविषयीचा पाठ घेताना भट्टीचे चित्र काढू नये. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाचा बाप काजूच्या हंगामात भट्टीवर मजुरीला जात असेल, आणि त्याच मजुरीतून मुलाची वही आली असेल. काही दाखवायचेच असेल तर काचेच्या पेल्यात कोमट पाणी, चमचाभर साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून वर्गात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत फेस येतो. मुलांना ते पाहू द्या. मग कणीक, राज्याचा दाखला, कानाचे लग्न आणि नोहाचा तंबू, सर्वच त्या एका पेल्याभोवती सांगता येते. मोठी मुले विचारतील, प्रभूने द्राक्षारस केला तर आम्ही का नाही? या प्रश्नाला घाईने गप्प करू नये. कानामध्ये द्राक्षारस संपल्यामुळे एका गरीब घराची लाज जाणार होती, आणि प्रभूने ती राखली, हे त्यांना दाखवावे. आपण पुढे केलेल्या पेल्याने समोरच्याची लाज राखली जाते की जाते, हे त्यांचे त्यांना ठरवता येईल. मुले आपण समजतो त्याहून शहाणी असतात.

नाताळ जवळ आला की केकबरोबर घरच्या द्राक्षाच्या वाइनचाही प्रश्न काही घरांतून निघतोच. जेथे ती पूर्वापार होते, तेथल्या यजमानांना एक सुचवतो. तबकात तिच्या शेजारी तशाच पेल्यांत कोकम सरबत भरून ठेवावे, दोन्हींचा रंग जवळजवळ सारखा दिसतो. तबक पाहुण्यांपुढे धरताना कोणता पेला कशाचा एवढे एकदाच सर्वांना सांगावे, आणि मग कोणी काय उचलले याकडे पाहू नये, विचारूही नये.